दोन खेचरांची माती

नामान हा दमास्कसच्या अरामी राजाचा सेनापती. नाव मोठं, पण अंगावर कोड. घरात इस्राएलमधून पळवून आणलेली एक लहान मुलगी दासी म्हणून होती. तिच्या सांगण्यावरून तो अलीशा नावाच्या संदेष्ट्याकडे जातो, यार्देन नदीत सात बुड्या मारतो आणि बरा होतो. बायबलच्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली ही गोष्ट ख्रिस्ती घरांत लहानपणीच ऐकवली जाते. तिच्या शेपटाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. बरा झालेला नामान म्हणतो, "इस्राएलखेरीज साऱ्या पृथ्वीवर कुठेही देव नाही, हे मला आता कळलं." आणि पाठोपाठ मागणं मागतो: दोन खेचरांवर लादता येईल एवढी इथली माती मला न्यायला द्या.

माती कशाला? दमास्कसला परतून इस्राएलच्या देवाची पूजा करायची, तर पायाखाली त्या देवाची जमीन हवी. त्या काळच्या माणसाला हे अगदी उघड होतं. देव मुलखाचा असतो. मुलूख बदलला की देव बदलतो, आणि आपला देव सोबत न्यायचा तर थोडा मुलूखही सोबत न्यायला हवा. ग्रामदैवत आणि शीव हे शब्द ज्यांच्या कानावर आहेत त्यांना यात नवल वाटू नये.

म्हणजे हा माणूस एका तोंडाने सांगतो की जगात देव एकच, आणि दुसऱ्या हाताने त्या देवाची माती गोणीत भरतो. प्राचीन हिब्रूंच्या धर्माचा सगळा गुंता या एका प्रसंगात आहे.

आपल्याकडे रूढ समजूत अशी की मूळपुरुष अब्राहामापासून हे लोक एकाच देवाला मानत आले, आजूबाजूचे मूर्तिपूजक होते, आणि हिब्रू लोक अधूनमधून वाट चुकून त्यांच्या नादी लागायचे. बायबलचे शेवटचे संपादक गोष्ट अशीच सांगतात. पण त्यांनी जुना मजकूर पुरता खरवडून काढला नाही. नवा गिलावा दिला तरी जुन्या भिंतीचे रंग जागोजागी दिसत राहिले. त्या रंगांवरून आणि जमिनीतून निघालेल्या वस्तूंवरून बहुतेक संशोधक आज उलट क्रम मांडतात: आधी अनेक देव, मग अनेकांतल्या एकाचीच पूजा, आणि बऱ्याच उशिरा 'बाकीचे देव नाहीतच' हा दावा.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. पूजा किती देवांची करायची, हा एक. देव आहेत किती, हा दुसरा. दहा आज्ञांतली पहिली आज्ञा म्हणते, माझ्यासमोर तुला दुसरे देव नसावेत. दुसरे देव अस्तित्वातच नाहीत, असं ती म्हणत नाही. नवऱ्याने बायकोला 'परपुरुषाकडे बघायचं नाही' असं बजावलं, तर जगात परपुरुष आहेत हे त्यात धरलेलंच असतं. ही उपमा माझी नव्हे. होशेय संदेष्ट्याने देव आणि इस्राएल यांचं नातं नवरा-बायकोचंच रंगवलं आहे, आणि इतर देवांची पूजा म्हणजे व्यभिचार. तांबडा समुद्र ओलांडल्यावरच्या विजयगीतातही प्रश्न येतो, "देवांमध्ये तुझ्यासारखा कोण आहे?" स्पर्धेत दुसरे कुणी नसतील तर पहिला नंबर कसला?

या मधल्या अवस्थेला, म्हणजे देव पुष्कळ पण पूजा एकाचीच याला, आपण 'एकदेवोपासना' म्हणू. 'एकेश्वरवाद' हा शब्द दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी राखून ठेवू. (ऋग्वेद वाचताना माक्स म्युलरलाही असाच एक शब्द लागला होता, 'हेनोथेइझम'. ज्या देवाचं सूक्त चालू आहे तो त्या वेळेपुरता सर्वश्रेष्ठ. हिब्रूंची गोष्ट याहून वेगळी. त्यांच्याकडे पाळी लागत नाही.)

आता नावांकडे. मराठी बायबल वाचताना एक अडचण होते. 'देव' आणि 'परमेश्वर' हे शब्द आलटून पालटून येतात आणि आपण दोन्ही एकच समजून पुढे जातो. मूळ हिब्रूत ती निरनिराळी नावं आहेत. 'देव' असतो तिथे बहुधा 'एल' किंवा 'एलोहीम' असतं, आणि 'परमेश्वर' असतो तिथे य-ह-व-ह ही चार अक्षरं. त्यांचा उच्चार पुढे धर्मभावनेने बंद झाला. अभ्यासक तो 'याहवे' असा करतात.

एल कोण, हे कळायला १९२८ साल उजाडावं लागलं. सिरियाच्या किनाऱ्यावर लताकियाजवळ एका शेतकऱ्याचा नांगर जुन्या थडग्याच्या दगडाला अडकला. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी जवळच्या रास शामरा टेकाडावर उत्खनन सुरू केलं आणि उगारित हे शहर वर आलं. इ.स.पू. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला ते जळून संपलं होतं, पण मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या त्याच्या देवकथा शाबूत होत्या. त्यांची भाषा हिब्रूची जवळची नातलग. त्यांत एल हा दाढीवाला म्हातारा कुलप्रमुख आहे, देवसभेत बसतो, निवाडे देतो. त्याची बायको अथिरत, तिला ७० मुलगे. बआल हा तरणाबांड पर्जन्यदेव, ढगांवर स्वार होणारा. शिवाय समुद्रदेव याम, मृत्युदेव मोत, रणरागिणी अनात.

हे वाचून बायबल उघडलं की कान टवकारतात. 'इस्राएल' या नावाच्या शेवटी एल आहे, याहवे नाही. हे नाव बायबलबाहेर पहिल्यांदा भेटतं ते मिसरचा फारो मर्नेप्ताह याच्या इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या शिलालेखात. 'निर्गम' पुस्तकात देव मोशेला स्वतःच सांगतो की अब्राहाम, इसहाक, याकोब यांना मी 'एल शद्दाय' म्हणून दर्शन दिलं, याहवे या नावाने मी त्यांना माहीत नव्हतो. म्हणजे मुळात दोन देवांच्या दोन परंपरा असाव्यात, आणि पुढे त्या एका देवाच्या खात्यावर जमा झाल्या.

सर्वांत बोलका पुरावा 'अनुवाद' पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात आहे. एल्योन, म्हणजे परात्पर देव, राष्ट्रांच्या सीमा आखतो आणि प्रत्येक राष्ट्राला वाटणी देतो. किती वाट्या? रूढ हिब्रू प्रत म्हणते, 'बेने इस्राएल'च्या संख्येइतक्या. बेने म्हणजे पुत्र. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पण वाक्य जमत नाही. जगातल्या राष्ट्रांची संख्या इस्राएलच्या पुत्रांवरून कशी ठरणार? मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या, कित्येक शतकं जुन्या गुंडाळीच्या एका तुकड्यात तिथे शब्द निघाला 'बेने एलोहीम': देवाचे पुत्र, देवपुत्र. आता वाक्य लख्ख लागलं. परात्पराने जमिनीच्या वाटण्या केल्या, जितके देवपुत्र तितक्या, आणि पुढची ओळ सांगते की याहवेच्या हिश्शाला याकोबाचं घराणं आलं. ही सरळ भावकीतली वाटणी आहे. इथे याहवे म्हणजेच एल्योन, की एल्योनच्या मुलांतला एक, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला दुसरा अर्थ जास्त सरळ वाटतो. कुणा लेखनिकाला तो खुपला असणार, म्हणून त्याने एक शब्द बदलला.

८२वं स्तोत्र तर या देवसभेचं इतिवृत्तच म्हणावं असं आहे. देव सभेत उभा राहतो आणि इतर देवांवर ठपका ठेवतो: तुम्ही गरिबांना, पोरक्यांना न्याय दिला नाहीत. "तुम्ही देव आहात, सगळे परात्पराचे पुत्र आहात, असं मी म्हणालो होतो, पण तुम्ही माणसांसारखे मराल." देव नाहीत असं नव्हे. देव आहेत, पण नालायक निघाले म्हणून बडतर्फ.

शेजारी काय मानत होते? मृत समुद्राच्या पूर्वेला मवाब नावाचं छोटं राज्य होतं, त्यांचा देव कमोश. १८६८ साली धिबान इथे काळ्या दगडाचा एक शिलालेख मिळाला. स्थानिक टोळ्यांनी पुढे तो फोडला, पण आधीच घेतलेल्या ठशामुळे मजकूर वाचला, आणि जुळवलेला दगड आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. त्यात मवाबचा राजा मेशा सांगतो: इस्राएलचा राजा अम्री याने आम्हाला फार दिवस छळलं, कारण कमोश आपल्या मुलखावर रागावला होता. मग कमोश मला म्हणाला, जा, नबो हे गाव जिंकून घे. मी गेलो, सगळ्यांना मारलं, आणि याहवेच्या वस्तू ओढत आणून कमोशपुढे टाकल्या. नावांची अदलाबदल केली तर हा उतारा बायबलमध्ये कुठेही खपून जाईल. देव रागावला म्हणून हार, देव प्रसन्न झाला म्हणून जीत, हे तत्त्वज्ञान इस्राएलचं एकट्याचं नव्हतं. ते त्या सगळ्या पट्ट्याचं होतं.

आणि इस्राएललाही कमोश खोटा वाटत नव्हता. 'शास्ते' पुस्तकात इस्राएलचा सेनानी इफ्ताह शत्रूला सुनावतो की तुझा देव कमोश तुला जे देईल ते तू घे, आमचा देव आम्हाला देईल ते आम्ही घेऊ. 'दुसरे राजे'च्या तिसऱ्या अध्यायात तर वेढ्यात सापडलेला मवाबचा राजा तटावर आपल्या थोरल्या मुलाचा बळी देतो, आणि मग इस्राएलवर 'मोठा क्रोध' कोसळून सैन्य माघारी फिरतं. क्रोध कुणाचा, हे लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे सांगितलेलं नाही.

आता घरातला प्रश्न. याहवेला बायको होती का?

सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लेत अजरूद नावाचा एक ओसाड तळ आहे. १९७५-७६ मध्ये तिथे खोदकाम झालं आणि इ.स.पू. ८००च्या सुमाराचे भलेमोठे रांजण मिळाले. त्यांवर चित्रं आणि आशीर्वादाचे मजकूर: 'शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा तुझं कल्याण करो', 'तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा'. (शोमरोन ही इस्राएलची राजधानी, तेमान दक्षिणेकडचा मुलूख.) हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोम इथल्या एका थडग्यावरही अशाच अर्थाची ओळ आहे. अशेरा म्हणजे उगारितच्या एलची बायको अथिरत, तेच नाव. एलचा संसार याहवेकडे आला, त्यात ही पण आली, असा तर्क करणाऱ्यांना या रांजणांनी मोठं बळ दिलं. विरोधकांचा मुद्दा व्याकरणाचा आहे. हिब्रूत विशेषनामाला 'त्याची' हा प्रत्यय लागत नाही, म्हणून इथे अशेरा म्हणजे देवी नसून तिचं प्रतीक असलेला लाकडी खांब असावा. असेना का. याहवेच्या शेजारी देवीचा खांब रोवला होता, एवढं तरी उरतंच.

आणखी एक बारीक गोष्ट बघा. शोमरोनचा याहवे, तेमानचा याहवे. एकाच देवाची गावोगाव निरनिराळी ठाणी. 'अनुवाद'च्या सहाव्या अध्यायातलं 'शमा', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक, याहवे आपला देव, याहवे एक' हे वचन, काही अभ्यासक याच पार्श्वभूमीवर वाचतात: याहवे एकच आहे, गावागणिक वेगळा नाही. शतकानुशतकं कोकणात तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनिवार तेल्यां'नी, म्हणजे याच बेने इस्राएलांनी, बाकी हिब्रू विसरली तरी जे वचन जिभेवर टिकवलं, ते हेच.

कोकणात टिकलेलं दुसरं नाव एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया. त्याच्या नावाने बेने इस्राएल घरांत आजही पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा होतो. हा एलिया कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांना एकटा भिडला होता. पाऊस कोण पाडतो, बआल की याहवे? दुष्काळात हा प्रश्न पोटाचा असतो. एलिया लोकांना विचारतो, दोन डगरींवर पाय किती दिवस ठेवणार? त्याचं नाव हेच त्याचं उत्तर होतं: एली-याहू, 'माझा देव याहवे'. त्या कथेच्या आरंभी अशेरेचे ४०० संदेष्टेही हजर करण्याची मागणी आहे. शेवटी कत्तल होते ती फक्त बआलच्या संदेष्ट्यांची. चारशेंचं काय झालं, मजकूर गप्प.

बआलशी भांडण एवढं कडवट झालं की जुनी नावंही छळू लागली. पहिला राजा शौल याच्या एका मुलाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एश्बआल आहे, बआलचा माणूस. शमुवेलाच्या पुस्तकात तोच 'ईश-बोशेथ' होतो, लाजेचा माणूस. राजघराण्यात मुलाला बआलचं नाव ठेवायला एकेकाळी कुणाला काही वाटत नव्हतं, हे त्या खोडाखोडीतूनच कळतं.

मोठा दणका दिला तो यहूदा या दक्षिणेकडच्या हिब्रू राज्याचा राजा योशीया याने, इ.स.पू. ६२२च्या सुमारास. मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचं एक पुस्तक 'सापडलं' आणि राजाने साफसफाई काढली. ती यादी वाचताना माणूस थबकतो, कारण हटवलेल्या गोष्टी कुठल्या आडरानातल्या नाहीत, खुद्द यरुशलेमच्या मंदिरातल्या आहेत: अशेरेची मूर्ती, तिच्यासाठी तिथेच वस्त्रं विणणाऱ्या बायका, सूर्याला वाहिलेले घोडे. बाहेरची ठाणीही मोडली. यापुढे देव एक, मंदिर एक, आणि ते राजधानीत. यात भक्ती होती, तसं राजकारणही होतं. अश्शूरी साम्राज्य ढासळत होतं आणि योशीयाला राज्य बांधायचं होतं. पण इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो इथे मिसरच्या फारोने त्याला मारलं. एवढी सेवा केलेल्या राजाला देवाने वाचवलं नाही. पुढे इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जाळलं.

त्या राखेतून मिसरला पळालेल्यांचा एक संवाद यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४४व्या अध्यायात आहे. सबंध बायबलमध्ये मला तो सर्वांत जिवंत वाटतो. यिर्मया म्हणतो, दुसऱ्या देवांना धूप जाळलात म्हणून हे झालं. बायका उलट उत्तर देतात: आकाशराणीला आम्ही, आमचे वाडवडील, आमचे राजे धूप जाळत होतो तेव्हा पोटभर अन्न होतं. तो बंद केल्यापासून तलवार आणि उपासमार. आणि तिच्यासाठी पोळ्या भाजत होतो त्या काय नवऱ्यांना न विचारता? पुरावा एकच, निष्कर्ष दोन. तर्काच्या नजरेने बघितलं तर बायकांची बाजू मुळीच लंगडी नाही.

नियम असा होता की राजधानी पडली, मंदिर जळलं, म्हणजे देव हरला. विजेत्याचा देव मर्दुक मोठा ठरला. मवाब, अम्मोन, अदोम यांचे देव काळाच्या ओघात असेच गेले. बाबेलला नेलेल्या यहूद्यांतल्या काही जणांनी मात्र जुनंच सूत्र ताणून टोकाला नेलं. मेशा म्हणाला होता, कमोश आपल्याच मुलखावर रागावला म्हणून आम्ही हरलो. तेच याहवेला लावा. मग बाबेलचं सैन्य मर्दुकने नव्हे, याहवेने पाठवलं. आणि जो परक्या सम्राटाला आपला चाबूक म्हणून वापरतो, तो एका मुलखाचा देव कसा असेल? आता मातीची गरज संपली.

यशयाच्या पुस्तकाचे ४० ते ५५ अध्याय याच काळातल्या एका अनाम कवीचे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 'मी पहिला, मी शेवटचा, माझ्याखेरीज देव नाही' हे तिथे पुन्हा पुन्हा येतं. देव आहेत किती, या दुसऱ्या प्रश्नाचं एवढं ठाम उत्तर यापूर्वी कुणी दिलं नव्हतं. हा कवी खट्याळही आहे. एक माणूस झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. ४६व्या अध्यायात बाबेलचे देव जनावरांच्या पाठीवर लादलेलं ओझं झाले आहेत, जनावरं थकली आहेत. याहवे म्हणतो, मी मात्र तुम्हाला जन्मापासून उचलून घेतलं आहे. नामानाची खेचरं इथे उलटी फिरली.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा सम्राट कोरेश (सायरस) बाबेल जिंकतो. कवी लिहितो, याहवेने आपल्या अभिषिक्ताचा, कोरेशाचा उजवा हात धरला आहे. १८७९ साली बाबेलच्या अवशेषांत कोरेशाच्या नावाची मातीची नळकांडी मिळाली. तिच्यात त्याचा हात धरून त्याला पुढे आणणारा देव आहे मर्दुक.

तर मग एकेश्वरवाद आला आणि सगळे एका रात्रीत बदलले? नाईल नदीतल्या एलेफंटाईन बेटावर, आजच्या आस्वानपाशी, इराणी सम्राटाच्या चाकरीत यहूदी शिपायांची वसाहत होती. तिथे त्यांचं स्वतःचं याहोचं, म्हणजे याहवेचं, मंदिर होतं. नियमशास्त्राप्रमाणे ते यरुशलेमबाहेर असायलाच नको होतं. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी इराणी अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडलं. वसाहतीने यरुशलेमच्या महायाजकाला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. तीन वर्षांनी त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला पुन्हा लिहिलं.

त्यांच्या कागदपत्रांत इ.स.पू. ४००च्या सुमाराची वर्गणीची एक यादी आहे. मथळा: याहो देवासाठी ज्यांनी चांदी दिली त्यांची नावं, दर माणशी दोन शेकेल. खाली रांगेने नावं, बायकांचीही पुष्कळ. आणि जमा रकमेची फोड (कर्श आणि शेकेल ही चांदीची वजनं, दहा शेकेलांचा एक कर्श): याहोसाठी १२ कर्श ६ शेकेल, एशेम-बेथेलसाठी ७ कर्श, अनात-बेथेल देवीसाठी १२ कर्श.